आळशी डोळा, शिवलेल्या पापण्या आणि 'वय निघून गेलं'

कंदीलवाली (धागाकर्ती)

परवा मुलांच्या शाळाप्रवेशाच्या धाग्यावर कुणीतरी ठणकावून लिहिलं होतं, "मेंदूचं काय व्हायचं ते पाच वर्षांपर्यंत होतं, पुढे सगळा आनंदीआनंद." तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं आणि धाग्याच्या विषयाशी त्याचा काही संबंध उरला नाही. म्हणून वेगळा धागा.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर आणि चष्म्याचा नंबर तपासणारी. तालुक्याच्या गावी काम करते. "वय निघून गेलं" हे वाक्य माझ्या खोलीत इतक्यांदा बोललं जातं की ते आलं कुठून आणि आता त्यात कितपत दम उरलाय, हे सांगायचं फार दिवस मनात होतं.

आधी आळशी डोळा म्हणजे काय ते. डोळा बाहेरून ठणठणीत. पडदा ठीक, नस ठीक, बुबुळ स्वच्छ. योग्य नंबरची काच लावली तरी त्या डोळ्याने तक्त्यावरच्या वरच्या दोन-तीन ओळींपलीकडे काही वाचता येत नाही. शंभर मुलांत साधारण दोन-तीन मुलं अशी निघतात. कारणं मुख्यतः तीन. डोळा तिरळा असणं, दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असणं, किंवा जन्मजात मोतीबिंदू, पडलेली पापणी अशा कारणाने उजेडाची वाटच अडलेली असणं. यातला नंबराचा फरक सगळ्यात लबाड. मूल चांगल्या डोळ्याने पळतं, खेळतं, टीव्ही बघतं. आईबापांना पत्ता लागत नाही आणि मुलाला तर नाहीच, कारण जग याहून वेगळं दिसू शकतं हे त्याला ठाऊकच नसतं.

तपासताना एक गंमत दिसते. तीन वर्षांच्या पोराचा कमजोर डोळा तळहाताने झाकला तर ते मजेत खेळत राहतं. चांगला डोळा झाकला की मान वळवतं, हात ढकलतं, भोकाड पसरतं. मोठी मुलं बनेल असतात. पट्टीच्या कडेतून बघायला हनुवटी हळूच वर करतात आणि तक्ता धडाधड वाचून दाखवतात. बाप खूश!

मग डोळा धड असून दिसत का नाही? याचं उत्तर दोन माणसांनी मांजरांच्या मेंदूत शोधलं, डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल. 1958 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दोघे मांजराच्या मेंदूच्या मागच्या भागात, जिथे डोळ्यांकडून आलेली माहिती पोचते तिथे, एकेका पेशीला सुईसारखा इलेक्ट्रोड लावून बसायचे. समोर पडद्यावर ठिपके दाखवायचे. पेशी ढिम्म. एकदा काचेची पट्टी प्रोजेक्टरमध्ये सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि स्पीकरवर तडतड सुरू झाली. ठिपक्याशी पेशीला देणंघेणं नव्हतं. तिला हवी होती एका ठराविक कोनात सरकणारी रेघ.

ही झाली पेशी काय करते त्याची गोष्ट. ती तशी घडते कशी, ते पुढच्या प्रयोगांतून कळलं. मांजराच्या पिल्लाचे डोळे उघडण्याच्या सुमारास त्यांनी एका डोळ्याच्या पापण्या शिवून टाकल्या आणि दोन-तीन महिन्यांनी टाके काढले. डोळा चांगला होता, दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला पडदा) उजेडाला नीट प्रतिसाद देत होतं. पण मेंदूत त्या डोळ्याचं ऐकणारी पेशी जवळजवळ उरलीच नव्हती. हे 1963 साली छापून आलं. मोठ्या मांजराचा डोळा तेवढाच काळ बंद ठेवला तर? काहीही फरक नाही. नंतर त्यांनी वेळापत्रकच काढलं. पिल्लू चौथ्या-पाचव्या आठवड्यात सगळ्यात नाजूक असतं, तेव्हा तीन-चार दिवस डोळा बंद राहिला तरी दणका बसतो, आणि तीन महिन्यांच्या पुढे हा परिणाम विरत जातो. "वय निघून गेलं" चा उगम हा.

मला सगळ्यात भारी वाटतो तो मात्र 1965 चा प्रयोग. दोन्ही डोळे शिवले तर नुकसान दुप्पट व्हायला हवं ना? तसं झालं नाही. बऱ्याच पेशी दोन्ही डोळ्यांना काही ना काही दाद देत होत्या. म्हणजे बंद डोळा नुसता वापराविना गंजला नव्हता. शेजारी शेताचा बांध कोरत कोरत आत सरकावा तसा उघडा डोळा त्याच्या जागेत घुसला होता. दोन्ही शेतकरी गावाला गेले असते तर बांध जागेवर राहिला असता.

चांगल्या डोळ्यावर पट्टी का लावतात, याचं उत्तर यात आहे. उपाय मात्र त्याहून फार जुना. फ्रान्समधल्या ब्यूफाँने 1743 मध्येच तिरळ्या डोळ्यासाठी चांगला डोळा झाकायला सांगितलं होतं. का लागू पडतो ते कळायला दोनशेहून जास्त वर्षं गेली. 1981 चं नोबेल या दोघांना मिळालं, निम्मं रॉजर स्पेरी यांना होतं.

आता प्रश्न असा की मांजराचे तीन महिने म्हणजे माणसाचं नेमकं किती? आणि मुदत संपते तेव्हा मेंदूत असं काय होतं? दुसऱ्या प्रश्नावर गेल्या पंचवीसएक वर्षांत जे सापडलंय ते भन्नाट आहे. लिहिते, पण जरा चहा घेऊन येते.

सांडगीमिरची

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पण ताई, पिल्लांचे डोळे शिवले हे वाचून पोटात कालवलं. घरात दोन बोके आहेत, त्यातला एक आत्ता मांडीवर आहे. याच्यावर नोबेल?

चिकित्सक चिवडा

मिरचीताई, भावना पोचल्या. ब्रिटनमध्ये अशा प्रयोगांवरून ऐंशीच्या दशकात मोठं आंदोलनही झालं होतं. पण दुसरी बाजू बघा. त्याआधी जन्मजात मोतीबिंदूचं ऑपरेशन "मूल जरा मोठं होऊ दे, भूल सोसू दे" म्हणून पुढे ढकलायचे. ऑपरेशन उत्तम व्हायचं आणि मूल आंधळंच राहायचं. आता दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असेल तर दीड महिन्याच्या आत आणि दोन्हीत असेल तर दोनएक महिन्यांच्या आत काढायचा प्रयत्न असतो. ही घाई त्या पिल्लांमुळे आली. हिशेब ज्याने त्याने मांडावा, माझ्याच्याने तो पुरा होत नाही.

धागाकर्तीला: लेख झकास. पण "भन्नाट" म्हणजे उंदरांतलं भन्नाट की माणसांतलं?

तिसरा मजला

मी त्या शंभरातल्या दोन-तीनपैकी एक. वय 46. डावा डोळा 6/36, म्हणजे धड डोळ्याला 36 मीटरवरून दिसतं ते मला 6 मीटरवरून. पाचवीत असताना शाळेच्या तपासणीत कळलं. शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी वडिलांना सांगितलं, "आठ वर्षांच्या आत आणायला हवं होतं, आता उपयोग नाही." वडील बिचारे परतीच्या एस्टीत एक शब्द बोलले नाहीत. नंतर कित्येक वर्षं ते स्वतःला दोष देत राहिले, हे मला फार उशिरा समजलं.

सध्या त्रास म्हणाल तर बॅडमिंटनमध्ये शटल कुठे आहे ते समजत नाही आणि चहा ओतताना कपाच्या बाहेर जातो. बाकी मस्त चाललंय. विचारायचं एवढंच की तेव्हा खरंच काही झालं नसतं का? आणि आता?

कंदीलवाली

@तिसरा मजला, आधी तुमचं, मग चिवडाशेठचं.

तुमच्या वडिलांना जे सांगितलं ते त्या काळच्या पुस्तकांत तसंच होतं. पण अमेरिकेत बऱ्याच केंद्रांनी मिळून केलेली एक चाचणी 2005 मध्ये आली. 7 ते 17 वर्षांची 507 मुलं. काहींना फक्त योग्य चष्मा, काहींना चष्म्यासोबत पट्टी आणि जवळचं काम. 7 ते 12 वयात चष्मा-पट्टीवाल्या (त्यांना चांगल्या डोळ्याला धूसर करणारे अ‍ॅट्रोपिनचे थेंबही होते) 53 टक्के मुलांचा डोळा तक्त्यावर निदान दोन ओळी सुधारला. नुसत्या चष्म्यावाल्यांत 25 टक्के. 13 ते 17 वयोगटात एकंदरीत फारसा फरक दिसला नाही. पण त्यातल्या ज्या मुलांवर आधी कधीच उपचार झाले नव्हते, त्यांच्यात 47 विरुद्ध 20 टक्के. म्हणजे पाचवीतल्या मुलाला प्रयत्न करून बघण्यासारखं होतं. डोळा पूर्ण बरा झाला असता असं मी म्हणत नाहीये. दोन-तीन ओळी मिळाल्या असत्या, कदाचित.

आता 46 व्या वर्षी? सुझन बॅरी म्हणून अमेरिकेतल्या मेंदूशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. लहानपणापासून तिरळेपणा, तीन ऑपरेशनं झालेली. डोळे सरळ दिसायचे, पण दोन्ही डोळे एकत्र वापरता येत नव्हते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डोळ्यांच्या व्यायामांचा कोर्स केला. एक दिवस गाडीत बसल्या तर स्टिअरिंग व्हील डॅशबोर्डपासून सुटून पुढे आलेलं दिसलं. वर्गात ह्यूबेल-वीझलचे प्रयोग शिकवणारी बाई, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवेना! पण हे एका माणसाचं उदाहरण आहे, आणि त्यांची नजर दोन्ही डोळ्यांत चांगली होती. तुमचं तसं नाही. 6/36 वर मी तुम्हाला आशा विकणार नाही. चांगला डोळा जपा, काम करताना संरक्षक चष्मा घाला, हा माझा पहिला सल्ला. दुसरा म्हणजे आत्ताचा नंबर नीट तपासून घ्या. 'उपयोग नाही' म्हटल्यावर त्या डोळ्याला वर्षानुवर्षं साधी काच लावून दिलेली मी पुष्कळ बघते.

@चिकित्सक चिवडा, उंदरांतलंच भन्नाट. पण ऐका तर.

जुनी समजूत अशी की लहान मेंदू ओल्या मातीचा, वय झालं की वाळतो. 1998 मध्ये ताकाओ हेन्श यांच्या गटाने असे उंदीर घेतले ज्यांच्या मेंदूत 'गाबा' नावाचं शांत करणारं रसायन कमी तयार होतं. या उंदरांत तो नाजूक काळ आलाच नाही. एक डोळा बंद करा, काही होत नाही. मग त्यांना डायझेपाम दिलं. हो, तेच झोपेच्या गोळीतलं. नाजूक काळ सुरू! मोठ्या वयात दिलं तेव्हाही सुरू. म्हणजे घड्याळ जन्मतारखेला बांधलेलं नाही. पेशींना आवरणाऱ्या पेशी पुरेशा तयार झाल्या की मुदत सुरू होते.

आणि संपते कशी, तर त्याच आवरणाऱ्या पेशींभोवती साखर आणि प्रथिनांची एक जाळी विणली जाते. इटलीतल्या पिसाच्या गटाने 2002 मध्ये मोठ्या उंदरांत एक विकर (एन्झाइम) टोचून ही जाळी विरघळवली, तर मेंदू पुन्हा पिल्लासारखा वागायला लागला. पुढे 'लिंक्स 1' नावाचं प्रथिन सापडलं, तेही ब्रेकच. तेव्हा बदलायची ताकद म्हाताऱ्या मेंदूतही आहे. मेंदू खटपट करून ती दाबून ठेवतो. का? कारण रोज नव्याने बघायला शिकणारा मेंदू घेऊन रस्ता ओलांडणार कसा!

चिकित्सक चिवडा

हे सगळं मान्य. पण याच संशोधनाचं पुढचं पान वाचा. फ्लुओक्सेटिन, म्हणजे नैराश्यावरचं साधं औषध, 2008 मध्ये मोठ्या उंदरांना दिलं तर आळशी डोळा सुधारला. सगळीकडे गाजावाजा. मग मोठ्या माणसांवर नीट चाचणी झाली तेव्हा औषधवाले आणि साखरेच्या गोळीवाले सारखेच सुधारले. दोघांनाही सरावाचे खेळ दिले होते, सुधारले ते त्या खेळांनी. उंदरात जे होतं ते होतं. माणूस उंदीर नाही.

आणि हे इथे लिहायलाच हवं, कारण "मेंदूची लवचिकता" हा शब्द हल्ली भलत्याच लोकांच्या पत्रकावर दिसतो. आमच्या भागात एकाने व्हिजन थेरपीचं, म्हणजे डोळ्यांच्या व्यायामांचं, पॅकेज काढलंय, सहा महिन्यांचं, आगाऊ पैसे. कोणता दोष, कोणतं वय, काही विचारणं नाही. सगळ्यांना एकच पॅकेज.

कंदीलवाली

पॅकेजबद्दल शंभर टक्के सहमत. आगाऊ पैसे मागणाऱ्याला आधी विचारायचं, "चार महिन्यांनी तक्त्यावर फरक दिसला नाही तर काय?"

उंदरांबद्दल अर्धं सहमत. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या मार्क बेअर यांच्या गटाने उंदीर आणि मांजर दोन्हींत, नाजूक काळ उलटून गेल्यावर, चांगल्या डोळ्याचं दृष्टिपटल काही काळ पूर्ण बधिर केलं. फुगा माशाच्या विषाने. त्याचा अंमल उतरला तेव्हा कमजोर डोळ्याची बाजू मेंदूत परत जागी झाली होती, आणि बधिर केलेला डोळाही पूर्ववत झाला. पट्टीने हे का होत नाही? कारण पट्टीखाली डोळा बंद असला तरी त्याच्या पेशी काही ना काही बडबडत असतात. इथे ती बडबडच थांबवली. माणसांत हे अजून दूर आहे, पण दिशा मला पटते.

ओसरी

सगळं समजलं असं नाही, पण चिकाटीने वाचतेय, कारण आमच्या घरात सध्या पट्टीपुराण चालू आहे. मुलगी पाच वर्षांची, उजव्या डोळ्याला मोठा प्लस नंबर, डावा जवळजवळ कोरा. बालवाडीत कळलं. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी नव्हतं असलं काही. शेजारच्या काकू म्हणतात, पोरीच्या जातीला एवढ्या लहानपणी चष्मा नको.

एका डॉक्टरांनी दिवसभर पट्टी सांगितली, दुसऱ्यांनी दोन तास. दिवसभर म्हणजे आमचं घर कुरुक्षेत्र होतं. शाळेत "चाचा चौधरीचा साबू" का कायसं चिडवतात म्हणे. कोणाचं ऐकायचं?

गुंडाळलेली चटई

साबू एक डोळ्याचा नव्हता हो! त्या पोरांना आधी चाचा चौधरी वाचायला द्या.

कंदीलवाली

@ओसरी, तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. पण माहिती अशी. 3 ते 7 वयाच्या, मध्यम प्रमाणात आळशी डोळा असलेल्या मुलांत रोज दोन तास आणि सहा तास पट्टीची तुलना 2003 मध्ये झाली. चार महिन्यांनी निकाल सारखाच. डोळा फारच कमजोर असेल तर जास्त तास सांगतात, म्हणून तुमचा आकडा काय ते विचारून घ्या. पट्टीला पर्याय म्हणून चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालतात. त्याने जवळचं धूसर होतं आणि कमजोर डोळ्याला काम करावं लागतं. सहा महिन्यांत पट्टी आणि थेंब यांचा निकाल जवळपास सारखा आला.

आणि याहूनही आधी, चष्मा. तो दिवसभर, न चुकता. नंबरातल्या फरकामुळे आलेला आळशीपणा साधारण चौथा हिस्सा मुलांत नुसत्या चष्म्यानेच पूर्ण जातो. पट्टीवरून भांडण आणि चष्मा दप्तरात, असं करू नका.

पट्टी थेट कातडीवर चिकटवायची, चष्म्याच्या काचेवर नाही. काचेवर लावली की पोरं वरून बघतात. त्या दोन तासांत बारीक कामं द्या. मणी ओवणं, रांगोळीचे ठिपके जोडणं, तांदळातले खडे काढणं (आजीला मदतीला घ्या, सासूबाईंचा विरोध आपोआप मावळेल).

गुंडाळलेली चटई

अवांतर. पट्टीवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात "मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन" आलं होतं. डोळ्यांना पट्टी बांधलेली पोरं पेपर वाचायची, रंग ओळखायची. माझ्या चुलतभावाने पोरासाठी वीस-पंचवीस हजार भरले. पोरगं हुशार, दोनच दिवसांत "अ‍ॅक्टिव्हेट" झालं. मी त्याला मामाच्या नात्याने बाजूला घेऊन पाच रुपयांचं चॉकलेट दिलं तर म्हणाला, "नाकाच्या बाजूने दिसतं."

चिकित्सक चिवडा

पाच रुपयांत संपूर्ण संशोधन. मंगळूरचे बुद्धिवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी नेमकं हेच जाहीर सभांतून उघडं पाडलं होतं. डोळ्यांवर फट न राहणारं आवरण लावलं की "शक्ती" गायब.

(पण चुलतभावाच्या पोराचा तू मामा कसा रे?)

गुंडाळलेली चटई

काका. काका. टंकताना जिलेबी पडली.

पडवी

बॉस्टनहून वाचतोय. धाग्यात एक मोठी गोष्ट राहिली, आणि ती आपल्याकडची आहे. पिल्लांचे डोळे मुद्दाम शिवता येतात, माणसांचे नाही. पण भारतात गरिबीने तोच प्रयोग हजारो मुलांवर करून ठेवलाय. जन्मजात मोतीबिंदू, पैसे नाहीत, जवळ डॉक्टर नाही. मूल दहा-पंधरा वर्षं तसंच राहतं.

एमआयटीतले पवन सिन्हा मूळचे दिल्लीचे. त्यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. उत्तर भारतातल्या गावांत अशी मुलं शोधायची, दिल्लीत श्रॉफ रुग्णालयात ऑपरेशन करायचं आणि नंतर मुलं बघायला कशी शिकतात ते तपासायचं.

त्यातून एक तीनशे वर्षं जुना प्रश्न सुटला. डब्लिनच्या विल्यम मॉलिनो यांनी 1688 साली तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्र लिहून विचारलं होतं. जन्मांध माणसाला स्पर्शाने गोळा आणि घन ओळखता येतात. त्याला अचानक दिसू लागलं तर हात न लावता, नुसतं बघून, कोणता गोळा आणि कोणता घन हे तो सांगू शकेल का? (मॉलिनोंची बायको अंध होती.) पुस्तकी पंडित यावर पिढ्यान् पिढ्या भांडले.

सिन्हांच्या गटाने 8 ते 17 वयाची पाच मुलं घेतली. मुलांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार, ऑपरेशननंतर दोन दिवसांच्या आत चाचणी. हाताने चाचपून हातानेच ओळखायचं तर जवळजवळ सगळं बरोबर. डोळ्याने बघून डोळ्याने ओळखायचं तरी 92 टक्के. पण हाताने चाचपलेलं डोळ्याने ओळख म्हटलं तर 58 टक्के, नाणं उडवण्यापेक्षा जरासं बरं. म्हणजे मॉलिनोंच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. 2011 मध्ये हे प्रसिद्ध झालं. खरी मेख पुढे. ज्या मुलांची पुन्हा चाचणी झाली त्यांना काही दिवसांत-आठवड्यांत हे जमायला लागलं. कुणी शिकवलं नाही, आपोआप. "वय निघून गेलं" असतं तर हे कसं झालं?

चिकित्सक चिवडा

चांगला मुद्दा. पण आकार ओळखणं वेगळं आणि बारीक दिसणं वेगळं. त्या मुलांची नजर तक्त्यावर कितपत येते?

पडवी

कमीच राहते, ते खरंय. एका बाईंचं उदाहरण आहे. बाराव्या वर्षी ऑपरेशन झालं आणि संशोधकांना त्या भेटल्या तेव्हा ऑपरेशनला वीस वर्षं होऊन गेली होती. नजर 6/60 च्या आसपास. कागदोपत्री जवळजवळ अंध. पण त्यांना माणसं, वस्तू, आकार ओळखता येत होते.

दुसरं उदाहरण 29 व्या वर्षी पहिल्यांदा चष्मा मिळालेल्या माणसाचं. एक वर्तुळ आणि एक चौकोन एकमेकांवर अर्धवट चढवून काढलेला दाखवला तर तो म्हणायचा, तीन वस्तू आहेत. जिथे रेघांनी बंद जागा तयार झाली ती त्याच्या लेखी वेगळी वस्तू. पण तेच आकार हलवून दाखवले की लगेच बरोबर सांगायचा. जे एकत्र सरकतं ते एक. स्थिर चित्रं नीट समजायला त्याला पुढे दीड वर्ष लागलं. म्हणजे हालचाल हा बघायला शिकण्याचा दरवाजा आहे, आणि तो मोठ्या वयातही उघडा असतो.

कंदीलवाली

पडवीभाऊ, उत्तम भर. पण चिवडा म्हणतात त्यातही तथ्य आहे. काही दरवाजे खरोखरच लवकर लागतात. कॅनडात डॅफ्ने मॉरर यांच्या गटाने अशी मुलं तपासली ज्यांचा मोतीबिंदू जन्मल्यावर दोन ते सहा महिन्यांत काढला होता. पुढे कित्येक वर्षं त्यांनी इतरांसारखंच जग बघितलं. तरी दोन चेहऱ्यांत डोळ्यांमधलं अंतर किंचित कमी-जास्त केलं तर त्यांना फरक पटकन कळत नाही. पहिल्या काही महिन्यांत जे बघायचं राहिलं ते राहिलंच. वय एकच नाही हो. बारीक दिसण्याचं वेगळं, चेहऱ्यांचं वेगळं, खोलीचं वेगळं. "पाच वर्षांपर्यंतच" असं सरसकट कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं ते यासाठी.

सांडगीमिरची

पण तान्ह्या बाळाला तर सगळं धूसरच दिसतं ना? मग पहिल्या महिन्यांत असं काय बघतं ते?

पडवी

मिरचीताई, सिन्हांचा गट सध्या याच प्रश्नामागे आहे. नवजात बाळाला धूसर दिसतं आणि रंग फिके दिसतात, कारण दृष्टिपटलातल्या रंगाच्या पेशी कच्च्या असतात. आपण त्याला कमतरता समजतो. 2024 मध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश'मधल्या मुलांना रंगीत चित्रं दाखवली, ती त्यांनी ठीक ओळखली. तीच चित्रं काळी-पांढरी करून दाखवली तर ती मुलं गडबडली. आपल्याला तसा फारसा फरक पडत नाही. का? त्यांचा अंदाज असा की आपण सुरुवातीला फिक्या रंगांत बघितल्याने मेंदू रंगावर विसंबून न राहता उजेड-सावलीवरून वस्तू ओळखायला शिकतो. या मुलांना ऑपरेशननंतर पहिल्या दिवसापासून झगझगीत रंग मिळाले, तो धडा राहूनच गेला. मग त्यांनी संगणकातल्या कृत्रिम जाळ्यांना दोन पद्धतींनी शिकवून बघितलं. आधी काळी-पांढरी चित्रं आणि मग रंगीत, या क्रमाने शिकलेली जाळी जास्त पक्की निघाली.

चिकित्सक चिवडा

हे मात्र आवडलं. खेळणीवाले बाळाच्या "मेंदूविकासासाठी" भडक रंगांचे पाळणे विकतात, त्यांना कोणीतरी हे वाचून दाखवा.

तिसरा मजला

सगळ्यांचे आभार. कंदीलवालीताई, काल चष्म्याची पावती शोधून बघितली. डाव्या काचेचा नंबर उजवीइतकाच आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच, नुसती जोडीला लावलेली काच. शनिवारी तपासायला जातोय. भाचा चार वर्षांचा आहे, त्यालाही सोबत नेतोय. आमच्या घरात हे पुढच्या पिढीत येऊ शकतं का?

कंदीलवाली

येऊ शकतं, त्याला न्याच. प्रत्येक डोळा वेगवेगळा झाकून बघतात की नाही यावर लक्ष ठेवा. दोन्ही डोळ्यांनी तक्ता वाचून घेतला तर काहीच सापडणार नाही. अक्षरं येत नसली तरी चित्रांचा तक्ता असतो.

इतरांसाठी: अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आणि नजरेचे दोष आहेत. हा कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. पथक आलं त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. आणि फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाची एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी चमकत असेल तर सवडीने नाही, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तो मोतीबिंदू असू शकतो, किंवा त्याहून गंभीर काही.

ओसरी

दोन तास ठरले, डॉक्टरांशी बोलले. तांदळातले खडे चालले नाहीत, कारण हल्लीच्या तांदळात खडेच नसतात. सासूबाईंनी मुद्दाम मूग आणि मटकी एकत्र केली, ती निवडणं सुरू आहे. एक शेवटचा प्रश्न, पट्टी काढताना कातडी लाल होते, पापणीचे केसही ओढले जातात. खोबरेल लावू का?

कंदीलवाली

आधी तेल लावलंत तर पट्टी चिकटणारच नाही. काढताना कोमट पाण्याचा बोळा कडेला दाबून ठेवा, मिनिटभराने सोडवा, मग हवं तर खोबरेल. आणि रोज पट्टी थोडी वेगळ्या कोनात लावा, म्हणजे चिकटणारी जागा बदलते. दाणे उठले तर मात्र थांबा आणि थेंबांचं विचारा.